सहा चोपन्न, नैऋत्य

२ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. हिच्याशी वीस मिनिटं, माझ्याशी दीड. पण आजचं दीड मिनिट निराळं होतं. म्हणाली, बाबा, सोळा तारखेला संध्याकाळी सहा चोपन्नला अंतराळ स्थानक तुमच्याकडून आणि आमच्याकडून, दोन्हीकडून दिसणार आहे. तुम्ही तिथून बघा, मी इथून बघते, मग फोनवर बोलू. नुसत्या डोळ्यांनी दिसतं, काही लागत नाही.

लग्न होऊन ती लांब गेली त्याला अडीच वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या वाट्याला ‘गोळ्या घेताय ना’ एवढंच येतं. लहानपणी तिला आकाश मीच दाखवायचो. आता तिनं आपणहून बोलावलंय, तर काम चोख झालं पाहिजे. काही लागत नाही म्हणाली ते मी दमू नये म्हणून.

संकल्प. एक, रोज पहाटे पाचला उठून सराव. दोन, निरीक्षण वही. रकाने आजच आखले: वस्तू, वेळ, साधने, निरीक्षक. तीन, हिच्या चष्म्याची काडी मोडली आहे, ती दुरुस्तीला टाकणे.

३ फेब्रुवारी, सोमवार
पाचचा गजर झाला. ऐकला. ढग असावेत असं पडल्यापडल्या वाटलं. सातला उठलो तर लख्ख ऊन.

चष्मेवाला सोमवारी बंद असतो.

५ फेब्रुवारी, बुधवार
दुर्बीण खोक्यातून बाहेर काढली. तीन वर्षं खोक्यावर इस्त्रीचे कपडे होते. ही म्हणाली, आता कपडे कुठे ठेवू? अशा वातावरणात विज्ञान वाढणार कसं?

तिवईचा एक स्क्रू सापडत नाही. त्या पायाखाली जुनी टेलिफोन डिरेक्टरी ठेवली. भक्कम आहे.

आकाशाचं अ‍ॅप उतरवून घेतलं. मोबाइल वर धरला की कुठला तारा कोणता ते लिहून येतं. घरातच धरून बघितला. गुरू आमच्या फ्रिजच्या मागे आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वेबसाइटी पाहिल्या. एका ठिकाणी अंतराळ स्थानकावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र असतं. पाऊण तास निळा पडदा आणि ‘संपर्क नाही’. तरी सोडलं नाही. दुसऱ्या साइटवर कुठल्या ग्रहावर आपलं वजन किती ते कळतं. चंद्रावर मी तेरा किलो. घरी सांगितलं. ही म्हणाली, मग तिकडेच जाऊन राहा, गुडघ्यांना बरं पडेल.

तिनं चष्म्याला दोरा बांधलाय. विचारल्यावर म्हणाली, तुमच्या सवडीनं करा. यात टोमणा नसावा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज मात्र दिवस सार्थकी लागला. सकाळी धान्यबाजारात तपासणी. वजनमापं निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं काढली, काटा खोटं बोलतो की दुकानदार, हे मला दारातूनच कळतं. एकाच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेलं. किलोमागे साठ ग्रॅम मारत होता. म्हणाला, साहेब, मला माहीतच नाही, ते कधी चिकटलं कोण जाणे. मी म्हटलं, अहो, रोज हाताळता त्या यंत्राला काय चिकटलंय ते तुम्हाला कळत नाही? काटा जप्त केला. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला.

या असल्या निष्काळजीपणाची मला खरंच कीव येते.

९ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. तयारी कुठवर आली विचारत होती. जोरात, म्हटलं. पहाटेचा सराव? चालू आहे, म्हटलं. (संकल्प चालू आहे, या अर्थानं.) हसली. आज माझी चार मिनिटं झाली. मी घड्याळ लावूनच बसलो होतो.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, तिला खूप आवडलंय हे, नीट करा. म्हणजे काय, करतोच आहे की.

११ फेब्रुवारी, मंगळवार
अडचण अशी की दुर्बीण एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात धरला तर डोळे चोळायला हात उरत नाही. ऑनलाइन उपाय सापडला. दुर्बिणीच्या नळीवर बसवायचा होल्डर, मोबाइल टपकन चिकटतो. मागवला. चष्मेवाल्याकडे आज जाणारच होतो, पण पार्सल यायचं होतं म्हणून घरी थांबलो. पार्सल आलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
होल्डर आला. काय पकड आहे! नळी उलटी केली तरी मोबाइल पडत नाही. चुंबक चांगलं जबरी आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसातून आल्यावर गच्चीवर रंगीत तालीम. लिफ्ट बंद. पाच मजले, दुर्बीण, तिवई, डिरेक्टरी. वर पोचल्यावर दहा मिनिटं नुसता पाण्याच्या टाकीला टेकून उभा होतो. आता या वयात कोणी सांगितलंय हे, असं एकदा मनात आलं. पण लेकीनं सांगितलंय.

मोबाइल होल्डरला लावल्याबरोबर अ‍ॅप म्हणालं, कंपास बिघडला आहे, मोबाइल हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवा. काढला, फिरवला. वाळलेले कपडे काढायला आलेल्या शेजारीणबाई कपडे तसेच दोरीवर ठेवून खाली गेल्या. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चार वेळा आठ काढून खांदा दुखायला लागला. शेवटी ‘ही सूचना पुन्हा दाखवू नका’ वर बोट ठेवलं. लगेच सुरळीत झालं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
विश्रांती. मोठ्या कामाआधी लागते. चष्मेवाल्याचं दुकान आज अर्धा दिवस असतं हे मला दुपारी आठवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
आकाश स्वच्छ. मन स्थिर. वहीत ‘साधने’ या रकान्यात आधीच लिहून ठेवलं: दुर्बीण, अ‍ॅप, होल्डर, स्टॉपवॉच. ‘निरीक्षक’ खाली माझं नाव, हुद्द्यासकट.

हिला म्हटलं, चल वर. म्हणाली, गुडघे नाही म्हणतात, शिवाय कोणीतरी खाली फोनपाशी हवं. खिडकीतून दिसलं तर बघेन. स्वयंपाकघराच्या खिडकीतून. प्रत्येकाची झेप असते.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ८
झालं ते लिहून ठेवतो. ही वही दुसरं कोण वाचणार आहे?

सव्वासहाला वर गेलो. मदतीला वॉचमन होता, डिरेक्टरी त्यानंच आणली. अ‍ॅपमध्ये स्थानक नैऋत्येला उगवणार होतं. बाणाप्रमाणे दुर्बीण वळवली. वॉचमन म्हणाला, साहेब, सूर्य तर आत्ता तुमच्या पाठीमागे बुडाला, नैऋत्य अशी पुढे कशी येईल? मी त्याला समजावलं की मावळतीची जागा वर्षभर सरकत असते. तो म्हणाला, इतकी? मी म्हटलं, विज्ञान आहे.

सहा चोपन्नला डोळा लावला. काही नाही. पंचावन्नला काही नाही. वॉचमन म्हणाला, साहेब, मागून एक ठिपका चाललाय बघा, चांगला ठळक आहे. मी डोळा न काढता म्हटलं, विमान असेल. तो म्हणाला, आवाज नाही. मी म्हटलं, उंचावर असेल, मला डिस्टर्ब करू नका. तो एकटाच मागे बघत राहिला. गरीब माणूस आहे.

सात वाजता आवरायला घेतलं. मोबाइल होल्डरवरून ओढून काढला आणि अ‍ॅपमधला बाण गर्रकन फिरून माझ्या पाठीमागे जाऊन थांबला. पुन्हा चिकटवला, बाण पुढे. काढला, मागे.

तो धान्यवाला आठवला. ‘ते कधी चिकटलं कोण जाणे.’ मी तर स्वतःच्या हातानं चिकटवलं होतं.

पाच मजले खाली आलो तेव्हा फोन वाजतच होता. लेक. तिच्याकडे ऐन वेळी ढग आले, तिला काहीच दिसलं नाही. आवाज पडलेला. म्हणाली, जाऊ दे, तुम्ही बघितलंत ना? मग सांगा मला कसं होतं. दोन आठवडे मी याचीच वाट बघतेय.

मी सांगायला लागलो. पिवळसर होतं. भव्य होतं. मधूनमधून लुकलुकत होतं. ही दारात उभी राहून ऐकत होती. जरा वेळानं म्हणाली, लुकलुकत नव्हतं हो. आणि पांढरं होतं.

मी फोन तिच्या हातात दिला.

मग हिनं सगळं सांगितलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या डिशपासून निघालं, अगदी एका चालीनं, कुणीतरी हातात दिवा घेऊन सावकाश चालत जावं तसं. चिंचेच्या शेंड्यावरून गेलं, मग कोपऱ्यावरच्या खांबाच्या वर आलं आणि तिथंच विझलं, फुंकर घातल्यासारखं. तू बघत असशील म्हणून मी हात हलवला, म्हणाली, वेडी म्हण मला. पलीकडून लेकीचं हसू मला इथवर ऐकू आलं.

शेवटी फोन माझ्याकडे आला. बाबा, तुम्हाला खरंच दिसलं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही गं. उलटीकडे बघत होतो. ती म्हणाली, बरं. पुढच्या वेळी आईशेजारी उभे राहा. मग गोळ्यांचं विचारलं. एकूण अकरा मिनिटं झाली. आजवरचा उच्चांक आहे, पण लिहून ठेवावासा वाटत नाही.

वहीतली आधीची नोंद खोडली. नवीन नोंद.
वस्तू: अंतराळ स्थानक. वेळ: सहा चोपन्न. साधने: चष्मा, एका बाजूला दोरा बांधलेला. निरीक्षक: ही.

उद्या पहिलं काम चष्म्याचं.

उद्या सोमवार आहे.