बोक्याची सतरंजी

४ फेब्रुवारी

ह्यांना म्हटलं, बँकेत जाते. गेले कुत्र्यांच्या शेल्टरला. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं — हे अडवणारे नाहीत. पण बोका जाऊन अजून हिवाळाही सरला नाही आणि मी दुसरं कुत्रं बघायला निघाले, हे तोंडाने सांगवेना.

शेल्टरची बाई तरुण, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "काकू, बघायला आलात की न्यायला?" बघायला, म्हटलं. "सगळे बघायलाच येतात. जाताना मात्र त्यांच्याकडे बघत नाहीत." पिंजऱ्यांच्या दोन रांगांमधून तिने मला फिरवलं. मी आपली लाँड्रीच्या सवयीने — केस चिमटीत धर, कान उलटून बघ. जणू गिऱ्हाईकाचा कोट ताब्यात घेतेय! एक काळा थेट बोक्यासारखा. जाळीला अंग घासत शेपूट हलवत होता. त्याच्यासमोरून भराभर निघून आले. त्याची काय चूक होती?

शेवटच्या पिंजऱ्यात एक तांबूस कुत्री. आमच्याकडे पाठ, तोंड फाटकाकडे. बोलावलं तरी वळली नाही. हमरस्त्याच्या कडेला सापडली, मागच्या पायाला मार लागलेला, मालकाचा पत्ता नाही. मला आवडली. लाडीगोडी नाही, आर्जवं नाहीत.

५ फेब्रुवारी

पकडले गेले. लाँड्री चालवणाऱ्या बाईच्या स्वेटरला केस! ह्यांनी एक केस उजेडात धरला. "बँकेत नवे तांबडे मॅनेजर आलेत वाटतं." मी स्वेटर झटकायला लागले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मलाही ने."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. कुत्र्याचं नाव बोका ठेवणारे हेच. पिल्लू असताना डोळे मिटून दूध प्यायचा, म्हणून. गल्लीत लोक हसायचे. ह्यांना त्याचाच आनंद.

९ फेब्रुवारी

दोघे जाऊन आलो. ह्यांनाही तीच आवडली.

शेल्टरची रीत अशी, की आधी घरातलं वापरलेलं, न धुतलेलं एक कापड त्यांना नेऊन द्यायचं. ते पिंजऱ्यात ठेवतात, म्हणजे घराचा वास ओळखीचा होतो. मग कुत्रं घरी आणून बघायचं. महिनाअखेरपर्यंत रुळलं तर कागद करायचे, नाहीतर परत.

न धुतलेलं कापड — आमच्याकडे! खाली लाँड्री, वर आम्ही. इथे हातरुमालसुद्धा रात्रीचा शिळा राहत नाही. घरभर शोधलं. एकच निघालं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली बोक्याची सतरंजी. केर काढताना उचलते, झटकत नाही, होती तशी ठेवते. आमचे इस्त्रीवाले मास्तर मागे एकदा म्हणाले होते, "बाई, ती मशीनला टाकू का?" इतकी खेकसले की दिवसभर ते कॉलरींवरून मान वर करेनात. त्यांची माफी मागायची राहूनच गेली आहे.

सतरंजी दिली नाही. ह्यांना जुना स्वेटर दिवसभर घालायला लावला आणि तो दिला.

१४ फेब्रुवारी

आणली. जिना नीट चढली. दारात थांबली. चपलांच्या फळीपाशी बसली ती बसलीच. तोंड बाहेर. आत पाऊल नाही.

१५ फेब्रुवारी

जेवली. चपलांपाशीच. ह्यांनी तांबू नाव ठेवलंय. हाक मारली की एक कान हलतो, बस.

१८ फेब्रुवारी

बोक्याचेच डॉक्टर घरी येऊन गेले. पाय बरा आहे म्हणाले. मग घरभर हिंडले, पडदे बघितले, कोपऱ्यात वाकले. "तिच्या लेखी या घरात एक कुत्रा राहतोय. तो जरा बाहेर गेलाय. आला की मानगूट धरेल. ती कशाला येईल आत?" आणि सतरंजीकडे बोट. "वास काढणं तुमचा धंदा. मी काय सांगणार तुम्हाला?"

संध्याकाळी शेल्टरच्या बाईचा फोन. तिला सगळं सांगितलं. "काकू, अशी दारातच बसून राहिली तर खंगेल ती. नसेल जमत तर सांगा, मी घेऊन जाते." घेऊन जाते म्हणजे त्या शेवटच्या पिंजऱ्यात. तोंड फाटकाकडे.

१९ फेब्रुवारी

नाही धुतली.

२० फेब्रुवारी

धुतली.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकले, त्यावर इतकी वर्षं लोकांचे डाग काढले. घामाला वेगळं पाणी, लाळेला वेगळं. सगळं येतं. आधी सोफ्याची खोळ. मग पडद्यांच्या खालच्या कडा. येता-जाता तिथे अंग घासायचा, काळपट रेघ होती. मग पायपुसणी. सतरंजी शेवटी.

मास्तर म्हणाले, "बाई, मी टाकतो. तुम्ही वर जा." म्हटलं, नको, हे माझं मीच करते. आणि मागे खेकसले होते त्याबद्दल बोलले. "अहो, ते केव्हाच विसरलो," म्हणाले. विसरलेले नव्हते.

मशीनचं झाकण उघडलं तर हे मागे उभे. "थांब जरा." सतरंजी हातात घेतली, घडी केली, नाकाशी धरली. बराच वेळ. मग मला दिली. "हं. घे."

पाणी तपकिरी झालं. दुसऱ्या पाण्यात फिकट. तिसरं स्वच्छ. मी काचेसमोर उभी राहून बघत होते, जणू मला थांबवता येणार नव्हतं.

२१ फेब्रुवारी

घराला कसलाच वास नाही. हेच तर हवं होतं ना? सकाळी स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने कोपरा टाळून वळले.

ती दारातच.

२३ फेब्रुवारी

आज तिला बोलले. वाट्टेल ते बोलले. "तुझ्यासाठी काय काय केलं ठाऊक आहे का?" — एखाद्या सुनेला बोलावं तसं. ती ऐकत होती. नजर खाली नाही, शेपूट पायांत नाही. ओरडा संपेपर्यंत थांबली आणि परत बाहेर बघायला लागली. लाज वाटली. मुक्या जनावरावर उपकार मोजतेय मी!

मग तिथेच फरशीवर बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. थोड्या वेळाने तिने हनुवटी माझ्या पावलावर ठेवली. हे खालून वर आले, तर दारात आम्ही दोघी. "आत यायला बंदी आहे का?" म्हणाले आणि आमच्यावरून पाय टाकून गेले.

२५ फेब्रुवारी

आली! दुपारी आपणहून. मधली खोली, मग स्वयंपाकघर. बोक्याच्या कोपऱ्यात नाही, फ्रिजपाशी. तिथे कुशीवर झोपली. झोपेत पाय हलत होते.

ह्यांनी मुलीला फोन करून सांगितलं. तिकडून ती विचारत होती, "आई खूश आहे का?" हे म्हणाले, "तुझी आई आणि खूश? कुत्री झोपल्ये म्हणून मला खोकू देत नाहीये."

होते खूश. दुपारभर. संध्याकाळी धुतलेली सतरंजी कपाटात ठेवताना हुंगून बघितली. नुसता साबण. ज्याने दहा-बारा वर्षं या घरात माझी वाट बघितली, त्याला पुसून टाकून मी खूश!

उद्या शेल्टर बंद. परवा जाऊन कागद करायचे.

२७ फेब्रुवारी

निघणार एवढ्यात शेल्टरच्या बाईचा फोन. एक गृहस्थ तांबूचा फोटो घेऊन आलेत. हमरस्त्यावर त्यांच्या स्कूटरला ट्रकची धडक बसली, तेव्हा ही त्यांच्या पायाशी बसलेली. ते इतके दिवस हॉस्पिटलात. आता कुबडी घेऊन शेल्टर-शेल्टर हिंडतायत. "कागद झालेले नाहीत, काकू. पण तुमचंही मन बसलंय. तुम्ही सांगाल तसं करते."

ती आमच्या घराला बुजत नव्हती. तिच्या माणसाची वाट बघत होती. आणि मी बोक्याला उगाच धुऊन टाकलं.

पाठवा त्यांना, म्हटलं.

हे स्वयंपाकघरातून, तिच्यासाठी अंडं सोलता सोलता — "कुणाचा गं फोन?"

"गिऱ्हाईकाचा," म्हटलं. "आपलं न्यायला येतायत."