‘फाटक बंद’ची कीर्ती

१० ऑगस्ट
आमच्या बँडचं पहिलं सिंगल ‘फाटक बंद’ आज ऑनलाइन आलं. तिरोड्यातला पहिला ब्लूज-रॉक. रेल्वे फाटकापाशी अडकलेल्या माणसाचं दुःख. शेवटची किंकाळी मी एका दमात मारली आहे. ड्रमवाला उमेंद्र ऐकून दचकला. म्हणजे पोचलं.
बायकोशी, मंजूशी, ठरलं: दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत गाणं चाललं नाही, तर बँड बंद आणि तिच्या भावाच्या, लीलाधरच्या, कृषी केंद्रात खताच्या पिशव्या विकायला बसायचं. हसतहसत हो म्हटलं.

२४ ऑगस्ट
ऐकणारे कमी. त्यातही बरेचदा मीच. अस्सल कलेला वेळ लागतो. बाबांना ऐकवलं. म्हणाले, कायले एवढा कण्हून राहिला, पोट दुखून राहिलं का? जुन्या पिढीला ब्लूज कळणार नाही.
उद्यापासून पहाटे रियाज.

२५ ऑगस्ट
रियाज नाही. घसा.

१८ सप्टेंबर
आकडे चढले! चोरखमारा गावाकडे लोक तेच ते पुन्हापुन्हा लावतात. मंजूला दाखवलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली. अभिमानाने असेल. उमेंद्रने दुर्गेच्या मिरवणुकीत धुमालचे ढोल वाजवायची ऑर्डर घेतली होती. म्हटलं, आता तसली कामं शोभत नाहीत. त्याने अ‍ॅडव्हान्सही घेतला होता.

५ ऑक्टोबर
चाहत्यांना भेटायला चोरखमाऱ्याला गेलो. तलावाखालच्या धानात भोंगा, आणि भोंग्यातून मी! डोळे भरून आले. बांधावर सुलोचनाबाई नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांना विचारलं, गाणं कसं वाटतं? म्हणाल्या, गानं नोहे जी, डुकरं हाकलाचं होय. फटाके फोडले, डबे वाजवले, कायलेच भेत नव्हते. हा मानूस वरडला का डुकरीन पिल्लं घेऊन पळते. लीलाधरभाऊ दुकानातून भोंगा देते, त्यासंगं हे मोबाइलवर लावून देते. कोन होय बिचारा, कोन जाने.
मी सांगितलं नाही. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. म्हणजे मंजूला माहीत होतं.

६ ऑक्टोबर
कला श्रोत्याला हलवते. माझा श्रोता पळत सुटतो. असा विचार केला तर हे यशच आहे.
तरी जेवलो नाही. दुपारी फक्त पोहे. दोनदा.

२६ ऑक्टोबर
मंडई. नाटकाआधी स्टेज मिळाला, लीलाधरच्या वशिल्याने. पहिल्याच ओळीला टाळ्या. वाटलं, ओळखतात. ओळखतच होते. किंकाळी आली आणि पुढच्या बायांनी लेकरं काखेत मारून पळायचं सोंग केलं. मंडप हसून लोळला. उमेंद्रने तर काठ्याच खाली टाकल्या. बाबा मागच्या रांगेतून उठून गेले. मला तोंड लपवायला पडदासुद्धा सापडेना.

२ नोव्हेंबर
लीलाधर आला. दुकानाला नाही म्हणायचं पक्कं केलं होतं. कलावंत युरिया विकत नसतो. त्याने तो विषयच काढला नाही. म्हणे, भाऊजी, डुकरं आता तुमाले भेत नाही. सवय झाली. लोक गानं काढून वाघाचा आवाज लावून राहिले.
डुकरांनीही सोडलं. मग मीच विचारलं, दुकानात कधीपासून येऊ? म्हणे, उद्या या.
संध्याकाळी आमच्या शेतावर गेलो. तिथे भोंग्यात अजून ‘फाटक बंद’च. खाली दोन डुकरं निवांत धान खात होती. बाबांना म्हटलं, काऊन लावून ठेवलं? बदला ना.
म्हणाले, राहू दे. डुकरं का होईना, कोनी तं तुजं गानं पुरं ऐकून राहिलं.