सात नंबरची गाडी

कोल्हापूर,
सोमवार, दि. १४ जानेवारी २००२

चि. मीनाबाईस दादाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळी खुशाल. तुझ्या शेजारणीच्या फोनवर बोललो की अख्खी गल्ली ऐकते, म्हणून पत्र. अक्षताला सांगून आलेला धम्मपाल शर्यतीत मोटारसायकल पळवतो हे कळल्यापासून तुझी झोप उडाली आहे. त्याला न कळता बघून ये, तू म्हणशील तसं करू, असं तू म्हणालीस. काल बघून आलो.

गावाबाहेरच्या माळावर मातीचा ट्रॅक केलेला, बघायला ही गर्दी. हेल्मेटमुळे तोंड कुणाचंच दिसत नाही. मध्यस्थानं सात नंबर सांगितला होता, तोच धरून बसलो. मुलगा गाडीचा वैरी आहे. चुकीच्या गिअरवर वळणात शिरतो, इंजिन ओरडतं तरी याला ऐकू येत नाही. तिसऱ्या फेरीत आतून घुसून एकाला पाडलं, स्वतःही पडला. उठला तो त्या पडलेल्याकडं न बघता आपल्याच गाडीला लाथ घातली. मीना, मी शिकलो सातवी, पण गाडीचं मला कुणी शिकवायची गरज न्हाय. आवाजावरून दोष सांगतो. माणसाचंही तसंच हाय. नकार कळव.

पोरीला नीट समजाव. माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा

*

इचलकरंजी,
शुक्रवार, दि. १८ जानेवारी २००२

ती. मामांस अक्षताचा सविनय जयभीम.

रागावू नका. आई पुढच्या आठवड्यात नकार कळवणार, म्हणून घाईनं लिहिते. रविवारी मी मैत्रीण संघप्रियाबरोबर त्याच माळावर होते, तुमच्या बरोब्बर समोर. आईला क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं.

सात हा त्याचा गेल्या वर्षीचा नंबर. यंदा बारा. सुरुवातीला लाउडस्पीकरवर एकेकाचं नाव नि नंबर सांगितला, तेव्हा तुम्ही शेजारच्या पावण्यांना कार्बोरेटर समजावत होता. तुमचे हात मला इकडून दिसत होते. मामा, सातनं ज्याला पाडलं तो धम्मपाल. तो उठला, गाडी उभी केली आणि सगळ्यात शेवटी का होईना, शर्यत पुरी केली.

मी तिथं होते हे आईला कळलं तर लग्न राहू दे, माझं घराबाहेर पडणं बंद होईल. आणि दादाचं कधी चुकत नाही, असं ती येईल त्याला सांगते. आता तुम्हीच बघा.

मामींना जयभीम. तुमच्या भरवशावर असलेली,

अक्षता

*

कोल्हापूर,
बुधवार, दि. २३ जानेवारी २००२

चि. मीनाबाईस दादाचा सप्रेम जयभीम.

नकार कळवला नसशील तर थांब. कळवला असशील तर मी जाऊन शब्द परत घेतो. मी भलताच मुलगा बघून आलो. आपला सात नव्हे, बारा. कुठून कळलं ते विचारू नकोस. लाउडस्पीकर नंबर सांगत होता तेव्हा मी बोलत होतो. चूक माझी, मध्यस्थाला बोलू नकोस.

काल कागलला त्याच्या कंपनीच्या गेटवर धम्मपालला गाठून चहा पाजला. कोपर सोललेलं हाय. त्या सात नंबरवाल्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, वळण अरुंद होतं, त्यानं घाई केली आणि मीही जागा सोडली नाही. लग्नानंतर हे सोडणार का, असं सरळच विचारलं. दुसरा कुणी व्हय म्हणून मोकळा झाला असता. यानं आधी कप रिकामा केला. मग म्हणाला, सोडतो असं खोटं सांगून मुलगी मागणार नाही. वर्षातून दोनदा उतरतो, अक्षताला चालत नसेल तर तिनं आत्ताच सांगावं.

हे वाचून तुला बरं वाटणार नाही. मलाही वाटलं नाही. तो पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पोरीचे वडील गेल्यापासून तू प्रत्येक गोष्ट मला विचारून केलीस, ही तेवढी अक्षताला विचार. समोर बसव, त्याचं म्हणणं सगळं वाचून दाखव आणि ती बोलेपर्यंत थांब. माझं मत काय, ते या पत्रात मी मुद्दामच लिहिलेलं नाही.

चुकला तरी तुझाच,

दादा