‘आता’चा रकाना

सोमवार, ४
नवी नोकरी लागली! तीही बसून पगार खायची, असं बायकोचं मत. छापखान्यात झाडू मारण्यापासून सुरुवात केली, तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढली. कुठलं चाक कोरडं पडलंय ते शेजारच्या खोलीतून सांगायचो. त्या कानांना आता वर्तमानपत्राच्या कचेरीत गादीची खुर्ची मिळाली.

इथे नवा एडिटर आलाय. एडिटर म्हणजे माणूस नव्हे, संगणकावर मजकूर लिहायची खिडकी. जुनी जाऊन नवी आली की लिहिणाऱ्यांच्या सवयी कशा बदलतात, ते मी मागे बसून टिपायचं. तक्त्यात दोन रकाने : ‘पूर्वी’ आणि ‘आता’. साहेबांनी बजावलं, नुसतं बघायचं, मध्ये बोलायचं नाही. म्हटलं साहेब, घरी तेच करतो.

बुधवार, ६
निधनवार्ता लिहिणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. लिहिताना नाकातल्या नाकात गुणगुणतात. गेलेल्याचं नाव आलं की थांबतात, ते एकदा मोठ्याने म्हणतात, मगच पुढे. कारण विचारलं तर म्हणाल्या, माणूस कायमचा चाललाय, निदान नाव तरी नीट घ्यावं. मग मलाच झापलं, की भुतासारखे पाठीशी काय बसताय, पुढे या, चहा घ्या. दोन कप झाले. बाई लाख आहे.

शुक्रवार, ८
सोमवारी मावशी नव्या खिडकीवर जाणार, आणि त्याच दिवशी मेहुण्याचं घर हलवायचं. नाही म्हणालो तर बायको मलाच हलवेल. मग आजच ‘आता’चा रकाना भरून टाकला. कोण तपासतंय? लिहिलं : ‘मावशी गुणगुणत नाहीत. नावापाशी थांबत नाहीत. हाक मारली तरी मान वर करत नाहीत.’ शेवटचं वाक्य जरा फोडणी म्हणून. साहेब वाचून खूश झाले. तारीखसुद्धा पाहिली नाही त्यांनी.

मंगळवार, १२
आज कामावर. दारातच कानाला काहीतरी खटकलं. गुणगुण नाही. नुसत्या कीबोर्डच्या कळा, एका लयीत, तेल पाजलेल्या यंत्रासारख्या. बाकीचे नव्या खिडकीवर हसतखेळत वैतागत होते, हे बटण कुठे गेलं, ते कुठे लपलं. मावशींना हाक मारली. दोनदा. मान वर नाही. वाटलं, काल आलो नाही म्हणून रुसल्या असतील.

तसंच असावं.

बुधवार, १३
सकाळचा चहा संध्याकाळी तसाच, वर साय धरलेली. पडद्यावर नावामागून नाव, मध्ये श्वासाएवढीही जागा नाही. कचेरी सुटताना त्यांची मुलगी न्यायला आली. आई, आई करत खांदा हलवला. बोटं चालूच. तिने रडवेल्या आवाजात मला विचारलं, काका, तुम्ही रोज मागे बसता ना, हे कधीपासून? मी म्हणालो, सोमवारी मी रजेवर होतो.

खरं तेच बोललो. अर्धं.

गुरुवार, १४
मावशी रात्रभर खुर्चीवरून उठल्या नाहीत, मुलगी शेजारी बसून होती. मी येताक्षणी तक्ता उघडला, माझी तिन्ही वाक्यं पुसली. परत आली. पुन्हा पुसली — पुन्हा. तेव्हा घाईत खाली नवीन ओळ घातली : ‘मावशी आता थांबतात.’

थांबल्या.

बोटं कळांच्या वर, अधांतरी. डोळे उघडे. श्वास आहे, मला ऐकू येतो. पण एका श्वासानंतर दुसरा यायला —

शुक्रवार, १५
डॉक्टर म्हणतात, कुठेच काही सापडत नाही. साहेबांना सगळं कबूल केलं. ते हसले, म्हणाले, तक्ता मात्र अगदी अचूक उतरलाय तुमचा.

एकच सुचलं. तक्त्यात स्वतःची ओळ घातली. ‘निरीक्षक. पूर्वी : न बघता लिहायचा. आता : खोटं लिहीत नाही.’ मी सुधारलो तर खोटं आपोआप गळून पडेल, असं —

पडलं नाही.

शनिवार, १६
मुलीचा फोन. आई तशीच. श्वास आणखी लांब गेलेत.

गाढवा, साधं होतं. ‘मावशी बऱ्या झाल्या’ एवढंच लिहायचं होतं, कालच्या माझ्या त्या ओळीच्या आधी. आज तक्ता उघडला. बोट हलेना. कागदावर जमेल म्हणून ही रोजची वही उघडली. आजचं इथवरचं सगळं सरसर उतरलं, कारण ते खरं आहे. आता तेवढं एक वाक्य —

मावशी ब

मावशी बऱ्