एकही डबा गळणार नाही

४ जानेवारी
आज घरात करार झाला. तोंडीच, पण सगळ्यांसमोर. सगळे म्हणजे सौ., चिरंजीव, सूनबाई आणि मी. सूनबाईंचं म्हणणं, वॉशिंग मशीन घ्यायचं आणि ते बाल्कनीत ठेवायचं, कारण बाथरूममध्ये जागा नाही. बाल्कनीत माझी खुर्ची आहे. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी सात ते अकरा मी तिथे असतो. मी शांतपणे सांगितलं की बाल्कनी मला भाजीपाला लावायला हवी आहे. हे बोलता बोलताच सुचलं, पण चांगलं सुचलं.
ठरलं ते असं: नव्वद दिवसांत, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत, चौघांना एका वेळेला पुरेल एवढी भाजी मी बाल्कनीत पिकवून दाखवायची. दाखवली तर बाल्कनी कायमची माझी. नाहीतर मशीन.
सौ. बाजूला चादर पिळत होती.

५ जानेवारी
कुंड्या विकत घेणार नाही. घरातले रिकामे डबे वापरणार. डबा या विषयावर माझ्याशी वाद घालेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं गळती तपासणी विभाग माझ्याकडे होता. डबा पाण्याखाली धरायचा, आत हवा सोडायची, बुडबुडा दिसला की बाद. माझ्या सहीने एकही गळका डबा बाहेर गेला नाही. कामगार मला प्रेमाने 'बूच' म्हणत. तोंडावर म्हणत नसत, आदरापोटी.

७ जानेवारी
सोळा डबे जमवले. कपडे धुण्याच्या पावडरीची बादली, रंगाचे डबे, तेलाचे कॅन, आइस्क्रीमचे डबे, पिठाचा मोठा डबा. सूनबाईंच्या मते यातले निम्मे रिकामे नव्हते. माझ्या मते ते रिकामे होण्याच्या मार्गावर होते. पीठ तात्पुरतं प्रेशर कुकरमध्ये काढलं आहे.
सोळाही डबे काठोकाठ भरून बाथरूममध्ये चोवीस तास चाचणीसाठी ठेवले. चिरंजीव बिनआंघोळीचा ऑफिसला गेला. जाताना दार आपटलं.

८ जानेवारी
निकाल: चौदा पास, दोन नापास. नापास ताबडतोब कचऱ्यात. पास झालेल्यांवर मार्करने नंबर टाकले. पिठाचा डबा क्रमांक सात.

९ जानेवारी
बियाणं आणि माती आणायला नर्सरीत गेलो. टोमॅटो, वांगी, मिरची, पालक. नर्सरीवाल्याने विचारलं, डब्यांना खाली भोकं पाडली आहेत ना. मी त्याला त्याचं वय विचारलं. सव्वीस. मग मी माझा अनुभव सांगितला. तो म्हणाला, पाणी साचून मुळं कुजतील. मी म्हणालो, साचेल कसं, मी मोजून घालणार. चांगला डबा हातात घेऊन त्याला भोक पाडणं मला या जन्मात जमायचं नाही, हेही स्पष्ट केलं. शेवटी त्याने हात जोडले. नम्र मुलगा आहे.

२१ जानेवारी
सगळीकडे कोंब! सूनबाईंना मुद्दाम बाल्कनीत बोलावून दाखवले. त्या म्हणाल्या, छान. आवाजात जोर नव्हता.
पाण्याचं वेळापत्रक केलं आहे. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा. प्रत्येकी एक पेला. शिस्त सगळ्यांना सारखी, मग ती मिरची असो की वांगं.

४ फेब्रुवारी
टोमॅटो पिवळे पडले. वांगी माना टाकून बसली आहेत. बियाणं भेसळीचं असणार. नर्सरीवाल्याकडे जाऊन झाडं दाखवली. त्याने पुन्हा भोकांचा विषय काढला. काही माणसांच्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली असते.
उपाय: एकाऐवजी दीड पेला.

१३ फेब्रुवारी
बाल्कनीतून वास येतो अशी तक्रार. मातीचा सुगंध लोक विसरून गेले आहेत. डासही वाढले आहेत, हे मान्य. पण डास म्हणजे निसर्ग जागा असल्याची खूण. सूनबाईंनी बाल्कनीचं दार बंद ठेवायचा नियम केला. मी आत होतो, म्हणजे बाल्कनीत होतो. पाऊण तासाने चिरंजीवाने उघडलं.

२० फेब्रुवारी
आढावा. डबे चौदा. मृत तेरा. चौदावा, क्रमांक सातही गेल्यातच जमा, म्हणून आज त्यात नव्याने पालक पेरला. माती तीच, थोडी चिखलासारखी झाली आहे इतकंच. घाबरायचं कारण नाही. चार माणसांना लागते किती भाजी? सूनबाई तर जेवतातही कमी.

२४ फेब्रुवारी
आज सौ.ने हळूच विचारलं, एका डब्याला भोक पाडून बघायचं का, नुसतं बघायला. मी तिला खाली बसवून गळती म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. चाळीस मिनिटं लागली. तिचं धुणं भिजत पडलं होतं, त्यामुळे लक्ष नव्हतं. मनगटाला पट्टा बांधलाय. विचारलं तर म्हणाली, दुखतंच ते. मी म्हटलं, पिळताना पद्धत चुकत असेल.

२७ फेब्रुवारी
कारखान्यातल्या निवृत्तांचा मेळावा होता. गळतीवर दोन शब्द बोललो. पुढच्या रांगेतले दोघं मधूनच उठून गेले, वयोमानामुळे असेल.
घरी आलो तर स्वयंपाकघरात प्लास्टिक जळल्याचा वास. सौ. म्हणाली, कढईची मूठ तापली. गॅसजवळ लक्ष हवं, हे तिला सांगितलं.

९ मार्च
क्रमांक सातमध्ये चमत्कार म्हणायला हरकत नाही. पालक बोटभर उंच, हिरवागार, ताठ. कारण शोधून काढलं. मी रोज सकाळी तो डबा पाव वळण फिरवतो. सगळ्या बाजूंना सारखं ऊन. हे शास्त्र मी स्वतः तयार केलं आहे. नर्सरीवाल्याला जाऊन सांगितलं. त्याने विचारलं, भोक? मी मोठेपणाने सोडून दिलं.

२२ मार्च
पालक आता टोपलीभर निघेल. सूनबाईंनी स्वतः पानं उलटून बघितली आणि मान्य केलं की बाबा, तुम्ही जिंकलात बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द मला खटकला, पण जाऊ दे. त्यांनी मोबाइलवर मशीनच्या जाहिराती बघणं बंद केलं आहे. सौ.सुद्धा दोन वेळा बाल्कनीत येऊन डब्याकडे बघून गेली. हसत होती. मला खूप आनंद झाला. सांगायला हरकत नाही, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

२५ मार्च, सकाळी ७.१०
क्रमांक सातच्या खाली फरशी ओली.

२५ मार्च, दुपारी
डबा तिरका करून बघितलं. तळाला भोक. गोल, पेन्सिल जाईल एवढं, कडा वितळल्यासारख्या. साच्यातला दोष. आणि हा डबा माझ्या चाचणीतून पास झाला होता. माझ्या हस्ताक्षरात त्याच्यावर सात लिहिलेला आहे. जेवण गेलं नाही. चौतीस वर्षांत जे झालं नाही ते माझ्याच बाल्कनीत व्हावं. कुणाला सांगितलं नाही.

२५ मार्च, संध्याकाळी ५
घरात कुणी नसताना काम उरकलं. पाइप दुरुस्त करायची लांबी आणून दोन थर दिले. वर टेप. आता मनुष्यमात्राला त्यातून थेंब काढता येणार नाही. बिचाऱ्या पालकाने महिनाभर गळक्या डब्यात दिवस काढले, म्हणून आजपासून पाणी दुप्पट.

२६ मार्च
चोवीस तास झाले. फरशी कोरडी ठणठणीत. ऊर भरून आला. हात अजून विसरलेले नाहीत.

३० मार्च
खालची पानं किंचित पिवळी. पीक तयार होत आल्याची खूण. पाणी तेवढंच ठेवलं आहे.

२ एप्रिल
किंचित नव्हे, बरीच. काही पानं काळी. देठ हाताला बुळबुळीत लागतात. हवा बदलली आहे, याला जबाबदार कोण हे सगळ्यांना माहीत आहे. पाव वळणाऐवजी अर्धं वळण सुरू केलं.

३ एप्रिल
सौ. बाल्कनीत आली. डबा बघितला. मग तो तिरका करून, मनगट सांभाळत, खालून बोट फिरवलं. टेपवर बोट थांबलं. ती माझ्या खुर्चीत बसली. माझ्या खुर्चीत ती कधी बसत नाही.
"अहो," ती म्हणाली, "ते भोक मी पाडलं होतं."
मेळाव्याच्या दिवशी. स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून. मूठ वगैरे काही तापली नव्हती. खाली ओघळणारं पाणीही तीच गुपचूप पुसत होती, २५ मार्चला तेवढं राहून गेलं.
लाज वाटली, हे इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही. मग वाटलं, केवढी ही माया. बाल्कनी मला मिळावी म्हणून दुखऱ्या हाताने हिने हे केलं, मशीनवर पाणी सोडायला तयार झाली. तसं मी तिला म्हणालोसुद्धा.
ती म्हणाली, "मनगटाचं मी बघितलं असतं. पण तुम्ही सकाळी सात ते अकरा घरात बसणार, ते कुणी बघायचं?"
याचा नेमका अर्थ काय, यावर विचार चालू आहे.

४ एप्रिल
करारानुसार कापणी. एकूण अकरा पानं. माणशी पावणेतीन. सूनबाई हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी फोन करून मशीन मागवलं. अकरा पानं कुणीच खाल्ली नाहीत. मी एक चाखलं. पालकच होता, यात शंका नाही.

८ एप्रिल
मशीन आलं, बाल्कनीत बसलं. मी स्वतः सगळे जोड तपासले. कुठेही गळत नाही. मेकॅनिकला तसं लेखी द्यायची तयारी दाखवली, त्याने नको म्हटलं. खुर्ची आता स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आहे. उजेड बरा येतो, आणि सौ.चं काम समोरच दिसतं.

१० एप्रिल, सकाळी १०.३०
नव्या जागेचा तिसरा दिवस. सातपासून आतापर्यंत सौ.ला चार सूचना केल्या: नळ नीट बंद न होणे, कणीक सैल, भांड्यांचा क्रम, झाकण. मशीन बाल्कनीत रिकामं उभं आहे, तरी दहा वाजता ती कपड्यांची बादली उचलून बाथरूममध्ये गेली आणि हातानेच धुवायला बसली. नव्या वस्तूची माणसाला भीती वाटते, दुसरं काय. आतून कडी लावून घेतली आहे, म्हणून मशीन कसं चालवायचं ते मी तिला दाराबाहेरूनच समजावतो आहे.