मागच्या पायावरचा मासा

१२ ऑक्टोबर, मंगळवार
स्वयंपाकघरातल्या टेबलावरून (जेवणघरात कपाटाएवढे चार जुने रेडिओग्राम असल्याने तिथे कोपर टेकायलाही जागा नाही)

प्रिय मेहुणेबुवा ग्लेन यांस,

अर्विनचा सप्रेम नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? टोलिडोत गारठा सुरू झाला असेल, लोकरीचा पट्टा बांधत जा. व्हर्नाने वाढदिवसाला पाठवलेलं कार्ड मिळालं ना? (गाय तिनेच काढली आहे. तिच्या गाईला, कोंबडीला, फार काय गांडुळालाही लांब पापण्या असतात. चर्चच्या रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं तिने मुलांना तेच शिकवलं.) तुझी बहीण खुशाल आहे. फारच खुशाल आहे, आणि माझी झोप उडाली आहे ती त्यामुळेच.

मागच्या शनिवारी हॉफस्टेटरांच्या शेतावर लिलाव होता. चर्चच्या बायकांकडचं सँडविच खाईन आणि हात हलवत परत येईन, असा शब्द देऊन मी गेलो होतो. "घरात बारा आहेत, अर्विन. तेरावा आला तर एक बाहेर जाईल, आणि कोणता ते मी ठरवीन," असं व्हर्ना म्हणाली होती, आणि म्हणताना ती रेडिओग्रामांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. पण कोठारात शिरलो तर फटीतून आलेलं ऊन नेमकं एका रेडिओग्रामच्या अक्रोडाच्या लाकडावर पडलेलं, आणि स्पीकरवरचं कापड असं सोनेरी झालेलं की मला चौथीत ऑटिंगरबाईंनी शिकवलेली रिकाम्या घरट्याची कविता आठवली. (शेवटचं कडवं मला तेव्हाही येत नव्हतं, त्यापायी मी दुपारभर कोपऱ्यात उभा होतो.) रेडिओग्रामची आधी पाठ बघावी, मग तोंड, हे मी सतरा वर्षं नवशिक्यांना सांगत आलो आहे, कारण नंबराचा आणि सालाचा कागद पाठीवर चिकटवलेला असतो. याची पाठ भिंतीला होती, झाकणावर लोणच्याच्या बरण्यांची खोकी होती, आणि मी कवितेत होतो. हातातलं बोलीचं कार्ड कधी वर गेलं ते माझं मलाच कळलं नाही. क्लेटस लिलाववाला वॅगनवरून सगळ्यांदेखत ओरडला, "अर्विन, वहिनींना विचारलंस का रे? की आज गाडीतच झोपणार?"

घरी आलो तर व्हर्ना दारात, कमरेवर दोन्ही हात. "हा कोण?"

"तुझ्या बाबांचा," मी म्हणालो.

ग्लेन, शपथेवर सांगतो, चारातले तीन हिस्से माझाही विश्वास होता. तेच गोल खांदे, डाव्या कोपऱ्यात तोच सिगारचा डाग. (आपल्या भागात त्या काळी सगळ्यांचेच बाबा सिगार तिथेच ठेवायचे, हे मला नंतर आठवलं.) उरलेला हिस्सा तिचा चेहरा बघून भरला. तिने हात पुसले आणि तळवा लाकडावर ठेवला. तेव्हापासून ती बुटक्या स्टुलावर बसून, त्याला पाठ टेकून सफरचंदं सोलते. म्हणते, "बाबा बातम्यांवर ओरडायचे ना, ते पाठीत घुमायचं."

रविवारी ती चर्चला गेल्यावर मी झाकण उघडलं. आत तबकड्यांसाठी तीन वेग! (बाबांच्या काळी एकच असायचा.) पाठ काढली; कागदावर साल १९५०. तुझे बाबा सेहेचाळीस साली गेले, आणि आईंनी त्याच वसंतात तो रेडिओग्राम विकला. कितीही ओढूनताणून बघितलं तरी हिशेब जुळत नाही.

आता येत्या रविवारी तिने पाद्रीबाबांसकट चौदा माणसं बोलावली आहेत, आणि तू मुख्य पाहुणा. "ग्लेन खाली आडवा होईल आणि त्याचा मासा दाखवील," असं ती फोनवर प्रत्येकाला सांगते आहे. सहा वर्षांचा असताना तू बाबांच्या रेडिओग्रामच्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला चाकूने कोरलेला तोच मासा, ज्याच्यापायी मार खाऊन तू दोन दिवस उभ्याने जेवलास. मी मासा कुठून आणू? तिला स्वतःला बघता येत नाही एवढंच नशीब. गुडघे इतके गेलेत की चर्चमध्येही ती बसूनच प्रार्थना करते. तीनदा सांगायला गेलो. तिन्ही वेळा तिने सफरचंदाची फोड माझ्या तोंडात घातली.

कंबर सांभाळ. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अर्विन

ता.क. तो जुना चाकू अजून तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. लोक अकराला येतील, तू दहाला ये. मी व्हर्नाला कॉफीत गुंतवतो, तू आडवा हो आणि कोर. वरून बुटाचं पॉलिश चोळलं की जुना दिसेल. पाप माझ्या माथी.

पुन्हा ता.क., बुधवार. तिकिटं आणायला पोस्टात गेलो, तेव्हा पत्र इथेच टेबलावर उघडं राहिलं होतं. परत आल्यावर, मासा कुठे बसवायचा ते बघावं म्हणून बॅटरी घेऊन मागे शिरलो. मासा आहे. ताजा आहे. त्याला माझ्याच बुटांच्या पॉलिशचा वास येतो आहे, आणि बटाटे सोलायच्या चाकूचं टोक मोडलेलं आहे. त्या गुडघ्यांनी ती खाली गेली कशी आणि उठली कशी, हे मी विचारलेलं नाही. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी आहे, आणि मी टेबलाशी बसून हे लिहितो आहे. तेव्हा चाकू आणू नकोस. रविवारी अकरालाच ये, आडवा हो, आणि सापडला म्हणून मोठ्याने ओरड. फक्त कृपा करून माशाच्या पापण्यांबद्दल चकार शब्द काढू नकोस.