हिरव्या दारामागे

३ मार्च

...मी चादरी पिळत होते आणि हे गॅसवर चहा ठेवून विसरलेले. उतू गेला! मी ओरडले, तर आतून आवाज – "अगं, दार झालं! हिरवं!" बघू म्हटलं, तर स्क्रीनपुढे हात आडवा. "आत्ता नाही. आतली खोली झाली की तुलाच आधी." शेगडी मीच पुसली. चादरी वाळत घातल्या. साधी सकाळ. तीच आठवत राहते.

कॉम्प्युटरवरच्या बंदुकांच्या एका जुन्या खेळात ह्यांनी स्वतःचा नकाशा केला होता. बोळ, जिने, शेवटी हे दार. त्याच आठवड्यात हे गेले.

रोज संध्याकाळी मी त्या दारापर्यंत जाते. उघडलं की आत रंग ओघळतात, मघाशी पाहिलेलंच एकावर एक सांडल्यासारखं. ह्यांची काहीतरी करामत असणार. खोली त्याच्या मागे असेल.

५ मार्च

कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, "मावशी, हा आता संग्रहालयात द्या." फाइली नव्यावर घालून दिल्या, खेळ चालवायला नवा प्रोग्रॅमही. सगळं लख्ख दिसतं.

दारामागे मात्र नुसतं काळं.

६ मार्च

नणंद आली होती. "वहिनी, या वयात बंदूक घेऊन कुठे निघालात?"

"तुझ्या भावाकडे," म्हटलं.

हसता हसता उठली, चहा ठेवायला गेली बिचारी.

८ मार्च

वाचत बसले. जुना खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालावा म्हणून हौशी लोक जो प्रोग्रॅम करतात, त्याला पोर्ट म्हणतात. मी बंदर समजले होते! आणि चित्र काढणारा त्याचा भाग तो रेंडरर.

त्या लोकांच्या चर्चेच्या पानावर धीर करून विचारलं – माझ्या मिस्टरांचा नकाशा आहे, दारामागे रंग ओघळायचे, ती सोय परत कशी मिळेल?

"काकू, ती सोय नाही, चूक होती. आम्ही सुधारली."

"चूक परत मागणारं पहिलंच गिऱ्हाईक!"

कासव नावाचा एकजण तेवढा सरळ बोलला. रेंडरर जुन्या पद्धतीचा निवडा, स्क्रीनवरचं आधीचं चित्र पुसण्याचा पर्याय बंद करा.

९ मार्च

केलं. ओघळले रंग! किती वेळ दारात उभी होते.

मग कासवाने कारण लिहिलं. जिथे काढायला काही नसतं, तिथे जुना प्रोग्रॅम काहीच काढत नाही. आधीचं चित्र तसंच राहून जातं. नवा ते पुसतो, इतकंच.

ह्यांचा स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवर आहे.

कासवाला नकाशाची फाइल पाठवली. म्हटलं, खोली तेवढी शोधून द्या.

१२ मार्च

उत्तर आलं. "ताई, दारामागे खोली नाही. भिंतींच्या रेषाच ओढलेल्या नाहीत. कुठलाही पोर्ट घ्या, कुठलाही रेंडरर – नसलेली खोली दिसणार नाही."

करामत नव्हती. काम राहिलं होतं.

१३ मार्च

वाचवत नाही. जेवले नाही.

१५ मार्च

कासवाचं पुन्हा. "एक सांगायचं राहिलं. दाराच्या पलीकडे, त्या कोऱ्या जागेत, एक खूण ठेवलेली आहे. दोन नंबरच्या खेळाडूची. दोघं खेळले तर दुसरा तिथून सुरू होतो. एकटं माणूस नेहमी एक नंबरच्या खुणेवरून."

दोनदा वाचलं.

मला कधी खेळायला बोलावलं नव्हतं. खोली झाल्यावर बोलावणार होते. हे बोळातून, जिन्यांवरून येणार, दार उघडणार – आणि आत मी.

इतके दिवस मी ह्यांच्या जागेवरून निघत होते. मलाच शोधत!

१७ मार्च

काल नकाशा उघडला. कासवाने सांगितलं तशा त्या खुणेभोवती रेषा ओढल्या. विटांचं चित्र लावलं. खोली झाली. मग खेळ सुरू केला, ह्यांच्या जागेवरून निघाले, हिरवं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. आत गेले आणि दार लावून घेतलं.